चार मीटरच्या आत आणि बाहेर

मुंबई-गोवा महामार्गावर पळस्पे फाटा मागे पडला की थोड्याच वेळात शिरढोण येतं. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं हे जन्मगाव. फडक्यांचा वाडा पाहायला लोक इथे थांबतात आणि मग कर्नाळ्याच्या सुळक्याच्या रोखाने पुढे निघतात. मोटारीचा आकार वाचायला शिकायचं असेल तर पनवेल तालुक्यात याहून चांगली जागा मला माहीत नाही. महामार्गावर गाडी बाजूने दिसते, नाकापासून शेपटीपर्यंत, धावताना. गावातल्या जुन्या गल्ल्या मोटार यायच्या कितीतरी आधीच्या. तिथे तीच गाडी समोरून येते आणि तिची रुंदी आपल्याला अंग चोरायला लावते. शोरूममध्ये यातलं काहीच घडत नाही. तिथे उजेड छतावरून येतो, गाडी सगळ्या बाजूंनी मोकळ्या जागेत उभी असते आणि विक्रेता आपल्याला सगळ्यात आधी आतल्या पडद्यासमोर नेऊन बसवतो. हिरव्या नंबरप्लेटची, म्हणजे विजेची गाडी पारखायची तर ती रस्त्याच्या कडेला उभं राहून, तिची चाकं कुठे आहेत यावरून पारखावी.

चाकं कुठे आहेत, या प्रश्नात सगळं आलं. पेट्रोलच्या गाडीत पुढे इंजिन, त्याच्यापुढे रेडिएटर, मागे टाकी आणि धुराचा नळ. या सगळ्यांना जागा दिल्यावर उरेल ती माणसांची. विजेच्या गाडीत मोटर लहानशी असते, ती पुढच्या किंवा मागच्या आसाजवळ कुठेही बसते. जड आणि मोठी वस्तू एकच, बॅटरी, आणि तिला दोन आसांच्या मधे जमिनीलगत आडवं अंथरता येतं. त्यामुळे पुढची आणि मागची चाकं एकमेकांपासून दूर ढकलणं परवडतं. या अंतराला मोटारवाले व्हीलबेस म्हणतात, आणि चाकांच्या पुढे-मागे लोंबणाऱ्या भागाला ओव्हरहँग. गाडीची एकूण लांबी तिला उभी करायला किती जागा लागेल ते सांगते. आत किती ऐसपैस वाटेल ते व्हीलबेस सांगतो. पण बॅटरीची एक किंमत असते: ती जाड असते. तळाखाली तिला ठेवली की तळ वर येतो, तळ वर आला की बसणाऱ्याचे गुडघे वर येतात, गुडघे खाली आणायचे तर आसन उंच करावं लागतं आणि आसनासोबत छपरालाही वर जावं लागतं. आजच्या बहुतेक विजेच्या गाड्या उंच, एसयूव्हीच्या घाटाच्या का दिसतात, याचं निम्मं उत्तर फॅशनमध्ये आहे आणि निम्मं या साखळीत. आता उंची झाकायची कशी, हा रेखाटनकाराचा खरा पेपर. तो कोणी कसा सोडवला हे पाहण्यात फार मोठा आनंद आहे.

त्याआधी चार मीटरची गोष्ट सांगायला हवी, कारण भारतीय मोटारीचं व्याकरण तिनेच घडवलं. 2006च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आलं आणि लहान म्हणजे काय याची व्याख्या ठरली: लांबी 4000 मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 सीसीपर्यंत. त्या दिवसापासून आपल्याकडच्या रेखाटनकारांच्या टेबलावर एक अदृश्य भिंत उभी राहिली. टाटांची इंडिगो सीएस 2008मध्ये आली ती डिकीची लांबी कापूनच. बाजूने पाहिलं की कापलेली जागा स्पष्ट कळायची. पुढच्या काही वर्षांत या भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग लागली. कोणी 3995, कोणी 3990. शेवटचे पाच-दहा मिलिमीटर सोडले तर सगळी जागा वापरलेली.

वृत्तात लिहिणाऱ्याला मात्रांची अडचण वाटते की मदत होते, हा जुना वाद आहे. माझं मत विचाराल तर 2017ची टाटा नेक्सॉन हे त्या वादाचं उत्तर आहे. तेव्हा टाटा मोटर्सच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते प्रताप बोस. चार मीटरच्या आत उंच एसयूव्ही बसवायची म्हणजे गाडी खोक्यासारखी ठेंगणी दिसण्याचा धोका. त्यांच्या चमूने केलं काय, तर खिडक्यांच्या खालच्या कडेने एक पांढुरकी पट्टी ओढली. ती पुढून निघते, दारांवरून मागे जाताना वर चढते आणि पाठीमागच्या दिव्यांभोवती वळून दुसऱ्या बाजूला निघते. पट्टी चढती असल्यामुळे डोळा तिच्यासोबत मागे आणि वर सरकत राहतो. गाडी जिथे संपते तिथे तो थांबत नाही. छप्पर वेगळ्या रंगाचं आणि मागे उतरतं. चढती पट्टी आणि उतरतं छप्पर मागच्या खांबापाशी एकमेकांकडे झेपावतात, आणि तेवढ्या इंचभर जागेत कापलेल्या शेपटीची आठवण पुसली जाते. भिंत तिथेच आहे, पण ती दिसत नाही. ज्यांना पांढरी पट्टी भडक वाटली त्यांनी एकदा त्या पट्टीवर बोट ठेवून गाडी पाहावी. उरतो तो उंच ठोकळा. एका रेघेने एवढं काम केलेलं भारतीय मोटारीत मी दुसरं पाहिलेलं नाही.

जानेवारी 2020मध्ये याच शरीरात वीज आली. 30.2 किलोवॅट-तासांची बॅटरी, किंमत 13 लाख 99 हजारांपासून, आणि बाहेरून फरक म्हणाल तर निळ्या रंगाचे थोडे ठिपके आणि रेघा. मूळ गाडी पेट्रोल-डिझेलसाठी आखलेली, त्यामुळे बॅटरीला जिथे पोकळी मिळेल तिथे बसावं लागलं: तळाखाली आणि मागच्या आसनाखाली. मागे बसल्यावर पाय ठेवायची जागा किंचित वर आलेली जाणवते, मांड्यांना आधार थोडा कमी पडतो. ही उसन्या घराची खूण आहे, आणि ती प्रामाणिकपणे दिसते. सप्टेंबर 2023च्या फेरबदलात मात्र गाडीचा चेहरा विजेचा झाला. समोरची जाळी गेली, कारण आत थंड करायला तेवढं काही उरलंच नव्हतं. बॉनेटच्या कडेला गाडीभर आडवी प्रकाशरेषा आली. चार्जिंग चालू असताना बॅटरी किती भरली हेही ती दाखवते, म्हणजे सजावटीला काम मिळालं. पाठीमागचं एक काम तर सहज नजरेआड होईल असं आहे: मागच्या काचेचा वायपर वरच्या पंखाखाली लपवला आहे. पाऊस नसताना काच अखंड दिसते आणि जेमतेम चार मीटरच्या गाडीची पाठ रुंद वाटते. लांबी 3994 मिलिमीटर, व्हीलबेस 2498. स्टेअरिंगमागच्या दोन पाकळ्यांनी ब्रेकविना वेग कमी करण्याची मात्रा बदलता येते. कर्नाळ्याच्या उतारावर डावी पाकळी ओढली की गाडी स्वतःला मागे धरते आणि धरताना बॅटरीत थोडी वीज परत टाकते. पायाने ब्रेक दाबायची सवय असलेल्या माणसाच्या बोटांना उतार कळू लागतो, ही मला या गाडीची सगळ्यात सुसंस्कृत गोष्ट वाटते.

आता एक मजेशीर गोष्ट पाहा. विजेच्या गाडीला चार मीटरच्या भिंतीशी करापुरतं काही देणंघेणं नाही. 1 ऑगस्ट 2019पासून विजेच्या मोटारींवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तो लहान-मोठ्या सगळ्यांना सारखा. 22 सप्टेंबर 2025ला दर बदलले, पेट्रोलच्या लहान गाड्या 18 टक्क्यांत आणि मोठ्या 40 टक्क्यांत गेल्या, तरी विजेच्या गाड्यांचे 5 टक्के तसेच राहिले. ऑगस्ट 2025पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोल नाही. तिथेही लांबी कोणी मोजत नाही. म्हणजे आज विजेच्या गाडीतला प्रत्येक मिलिमीटर हा कोणाच्या तरी आवडीचा, निवडीचा आहे. गाडी लांब असेल तर ती कोणाला तरी लांब हवी होती. अशा वेळी भिंत नसताना कोण काय करतं, यावरून माणसाची पारख होते.

एमजीच्या कॉमेटने उलट्या दिशेने उडी मारली. एप्रिल 2023मध्ये आलेली ही गाडी 2974 मिलिमीटर लांब आहे. तीन मीटरही नाही. रुंदी 1505 आणि उंची 1640. शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचा: गाडी रुंदीपेक्षा उंच आहे. अशी वस्तू डळमळीत दिसायला हवी. ती तशी दिसत नाही, याचं कारण आडव्या रेषा. समोर एक प्रकाशपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत, मागेही तशीच. दार कमरेपाशी सरळ, काचेची खालची कड सरळ. सगळ्या रेषा डोळ्याला आडवं चालवतात, त्यामुळे उंची जाणवत नाही. चाकं जेमतेम 12 इंची, पण ती अगदी कोपऱ्यात ढकललेली आहेत. व्हीलबेस 2010, एकूण लांबीच्या जवळपास 68 टक्के. पुढचं आणि मागचं ओव्हरहँग मिळून एक मीटरही भरत नाही. मोटर मागे आहे, त्यामुळे पुढच्या चाकांना फिरवणारे दांडे नाहीत आणि ती जास्त वळू शकतात, 4.2 मीटरच्या त्रिज्येत गाडी फिरते. दारं दोनच, पण लांबलचक. मागे बसणाऱ्याने पुढचं आसन सरकवून आत शिरायचं. मागची माणसं बसली की पिशवीलाही जागा उरत नाही, हे खरं. कॉमेट हा हट्टाने लहान ठेवलेला विचार आहे. चार्जिंगचं तोंड समोर नाकावर आहे. गाडी भिंतीपाशी सरळ घुसवली की वायर लगेच पोचते. उभी करण्याची आणि वीज भरण्याची जागा एकच असणाऱ्यांचा कोणी विचार केला आहे, ही जाणीव त्या झाकणाकडे पाहिलं की होते.

कॉमेटचे 68 टक्के ऐकून टाळ्या वाजवण्याआधी एका जुन्या गाडीचं नाव घ्यायला हवं. टाटा नॅनो. 23 मार्च 2009ला मुंबईत तिचं बाजारात आगमन झालं. लांबी 3099, व्हीलबेस 2230. भागाकार करून पाहा, 72 टक्के. इंजिन मागच्या आसनाखाली, चाकं चारी कोपऱ्यांत, चार दारं आणि चार माणसं व्यवस्थित बसतात. विजेची गाडी जी मांडणी करू शकते म्हणून आपण तिचं कौतुक करतो, ती नॅनोने पेट्रोलवर करून दाखवली होती. किमतीच्या गदारोळात आणि नंतरच्या वादांत नॅनोच्या आखणीकडे नीट पाहायचं राहून गेलं. आजही एखादी नॅनो कुठे उभी दिसली तर तिची बाजू जरूर पाहा. पुढचं चाक जवळजवळ दिव्याखाली आणि मागचं जवळजवळ पाठीमागच्या बंपरखाली. एवढी काटकसर आणि एवढी माया एकाच आराखड्यात क्वचित भेटते.

जानेवारी 2024मध्ये आलेली टाटा पंच इव्ही या वंशाची वाटते, जरी तिचे आकडे वेगळे असले तरी. टाटांची विजेसाठीच आखलेल्या बैठकीवरची ही पहिली मोटार. लांबी 3857, पेट्रोलच्या पंचपेक्षा 30 मिलिमीटर जास्त, व्हीलबेस मात्र तोच, 2445. इथे थोडं थांबावंसं वाटतं. नवी बैठक हाती असताना चाकं आणखी लांब का नाही ढकलली? टाटांनी तसं केलं असतं तर बाहेरचं सगळं शरीर, दारं, खांब नव्याने घडवावे लागले असते आणि किंमत 10 लाख 99 हजारांपासून सुरू झाली नसती. म्हणून त्यांनी तळाखालचं बदललं आणि वरचं राखलं. बॅटरी (25 किंवा 35 किलोवॅट-तास) तळात सपाट बसली आणि डिकी 366 लिटरचीच राहिली, एक लिटरही न गमावता. बॉनेटखाली 14 लिटरचा छोटा कप्पा मिळाला. चार्जिंगची वायर आणि ओली छत्री त्यात मावते. जमिनीपासूनची उंची 190 मिलिमीटर आणि कंपनी 350 मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता सांगते. कोकणच्या तोंडाशी राहणाऱ्याला जुलैत हे आकडे पाठ असावे लागतात. चेहरा नेक्सॉनच्या नव्या चेहऱ्याचा धाकटा भाऊ, पण नाक आखूड आणि उभं. चालकाच्या आसनावरून बॉनेटची कड दिसते, आणि गाडी कुठे संपते हे डोळ्यांना कळतं. वळणावर समोरून एसटी आली की त्या दिसणाऱ्या कडेचं मोल समजतं. मागच्या दाराची मूठ खिडकीमागच्या काळ्या खांबात दडवली आहे, त्यामुळे बाजूने पाहताना गाडीला दोनच दारं असल्याचा भास होतो आणि आखूड शरीर लांब वाटतं. पंचमध्ये दाखवायला म्हणून केलेलं काम फार थोडं आहे. जे आहे ते सगळं एका मध्यम कुटुंबाच्या दिवसाभोवती बेतलेलं आहे, आणि मला या बाजारातली सगळ्यात समंजस गाडी हीच वाटते.

विंडसरकडे पाहताना मला नेहमी घराची आठवण होते, मोटारीची नाही. सप्टेंबर 2024मध्ये ती आली. जेएसडब्ल्यू आणि एमजी यांच्या भागीदारीतली गाडी. जेएसडब्ल्यूचा मोठा पोलाद कारखाना शिरढोणच्याच जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या डोलवीला आहे, जरी गाडी गुजरातमध्ये हलोलला बनत असली तरी. लांबी 4295, व्हीलबेस 2700. शरीर म्हणजे बॉनेटच्या टोकापासून निघून छपरावरून मागे उतरणारी एकच कमान. पुढच्या खांबापाशी एक जास्तीची तिकोनी काच आहे. ती नसती तर उताराचा खांब जाड होऊन वळणावरचा पादचारी झाकला असता. एसयूव्हीचा आव इथे जवळजवळ सोडून दिला आहे आणि मिळालेली सगळी लांबी मागच्या आसनाला दिली आहे. ते 135 अंशांपर्यंत मागे कलतं. आजीला गोरेगावहून गावी न्यायचं असेल तर या गाडीच्या मागच्या आसनाइतकी जागा हिच्या दुप्पट किमतीतही मिळणं अवघड आहे. निवडीचा भाग म्हणून तिच्या विक्रीची रीतही पाहण्यासारखी होती: 9 लाख 99 हजारांत गाडी, बॅटरीचं भाडं किलोमीटरमागे साडेतीन रुपये. गाडीतला सगळ्यात महाग अवयव वेगळा काढून त्याचा हिशेब रोजच्या वापराशी जोडणं, हेसुद्धा एक प्रकारचं रेखाटनच. विंडसरच्या बाहेरच्या रूपात मला फार चमक सापडत नाही. पण आत शिरून मागे बसलं की तिच्या कर्त्यांनी कोणाला मान दिला ते स्पष्ट होतं, आणि तो मान चालकाला दिलेला नाही.

आणि मग महिंद्राची बीई 6. हिच्यापाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळतो. 2021मध्ये प्रताप बोस टाटांकडून महिंद्राकडे गेले. 26 नोव्हेंबर 2024ला चेन्नईत बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या दोन गाड्या एकत्र पुढे आल्या. दोन्ही पुण्याजवळ चाकणला बनतात. ज्या हाताने 2017मध्ये भिंतीच्या आत लिहिलं, त्याच हाताला आता भिंत नव्हती. म्हणून नेक्सॉन आणि बीई 6 शेजारी ठेवून वाचाव्यात. नेक्सॉन इव्हीची उंची 1616, बीई 6ची 1627. फरक जेमतेम अकरा मिलिमीटरचा. तरीही पहिली उभी दिसते आणि दुसरी झेप घ्यायला वाकल्यासारखी. कारण त्याच उंचीला नव्या गाडीत 377 मिलिमीटर जास्त लांबी आणि 96 मिलिमीटर जास्त रुंदी मिळाली: 4371 आणि 1907. व्हीलबेस 2775. चाकंही मोठी. शरीराचा खालचा भाग आणि चाकांवरच्या कमानी काळ्या. डोळा फक्त वरचा रंगीत भाग गाडी म्हणून मोजतो आणि बॅटरीसाठी वर उचललेला तळ हिशेबातून वगळतो. उंची झाकण्याचा पेपर इथे असा सुटला आहे. जमिनीपासून 207 मिलिमीटर उंच असलेली वस्तू कोणी इतकी बसकी दाखवावी, हे थक्क करणारं आहे.

तपशील बारकाईने पाहावेत. बॉनेटच्या टोकाशी एक मोकळी फट आहे. समोरून आलेला वारा तिच्यातून वर निघून बॉनेटवरून मागे जातो. जाळी नाहीशी झाल्यावर नाकाचं काय करायचं, हा प्रश्न बहुतेकांनी सपाट पत्र्याने बुजवला. इथे त्याच जागी वाऱ्याला वाट करून दिली आहे. दिव्यांचे इंग्रजी सी अक्षरासारखे आकार पुढे आणि मागे एकमेकांना उत्तर देतात. मागच्या दाराची मूठ इथेही खांबात लपलेली. नेक्सॉनमध्ये ती अजून दारावरच होती, हे लक्षात घ्या. छपराचा मागचा पंख मधोमध दुभंगलेला. आत चालकाभोवती डॅशबोर्डपासून मधल्या कन्सोलपर्यंत एक कडं येतं आणि त्याला शेजारच्यापासून वेगळं काढतं. गिअर निवडायचा दांडा विमानातल्या थ्रॉटलसारखा. दार आतून ओढायला धातूच्या मुठीऐवजी कापडी पट्टा. या पट्ट्यावर बरीच टीका झाली आहे. मला तो आवडतो, कारण एवढ्या यंत्रमय खोलीत हाताला लागणारी मऊ वस्तू ती एकच. मागे बसणाऱ्याचं मात्र इथे थोडं नुकसान आहे. छप्पर उतरतं, खिडकी लहान होत जाते, उजेड कमी होतो. काचेच्या छपराने ते बरंचसं भरून काढलं आहे, सगळं नाही. विंडसर मागच्याला मान देते, बीई 6 चालकाला. दोन्ही गाड्यांची पुढची आणि मागची लोंबती लांबी जवळजवळ सारखीच, दोहोंत सोळाशे मिलिमीटरांच्या आसपास. तेवढ्याच मापात एकीने बैठकीची खोली बांधली आणि दुसरीने एका माणसासाठी आसन. मापं सारखी असून मन इतकं वेगळं असू शकतं, हे या दोघींना एकामागोमाग पाहिल्यावाचून कळत नाही.

बीई 6ची बहीण एक्सईव्ही 9ई याच बैठकीवर, याच 2775 व्हीलबेसवर उभी आहे, पण लांबी 4789. म्हणजे 418 मिलिमीटर वाढले आणि त्यातला एकही चाकांच्या मधे नाही. मग गेले कुठे? बॉनेट उघडा: बीई 6मध्ये पुढे 45 लिटरचा कप्पा, इथे 150 लिटरचा. डिकी उघडा: तिथे 455, इथे 663. सगळी वाढ सामानात गेली. गणपतीला याच महामार्गाने कोकणात उतरणाऱ्यांना हा व्यवहार एका नजरेत समजेल: मखराचे तुकडे, पूजेचं सामान, मुलांच्या बॅगा. महिंद्राने या एका बैठकीतून दोन वेगळ्या जीवनांच्या गाड्या काढल्या आणि दोघींना एकमेकींची नक्कल होऊ दिलं नाही. व्हीलबेस मोजणाऱ्याला त्या सारख्या. पाहणाऱ्याला अजिबात नाहीत.

रुंदीचा मात्र हिशेब स्वतंत्र मांडला पाहिजे, आणि तो गावातच मांडावा लागतो. 1907 हा आरसे सोडून मोजलेला आकडा आहे. सोसायटीत गाडी उभी करायची चौकट साधारण अडीच मीटर रुंद धरतात. त्यात ही गाडी मधोमध उभी केली की दोन्ही बाजूंना तीस-तीस सेंटिमीटर उरतात. तेवढ्यात दार उघडून उतरणं हे तरुण, सडपातळ माणसाचं काम. कॉमेट उभी केली तर त्याच चौकटीत मीटरभर जागा मोकळी. शिरढोणसारख्या गावात, जिथे महामार्ग सोडल्यावर काही मिनिटांत समोरून बैलगाडी, दूधवाल्याची मोटारसायकल आणि रिक्षा एकत्र येऊ शकतात, तिथे हे फरक रोजचे आहेत. पनवेलला महानगरपालिका झाली, नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, गाड्या येतच राहणार. जुन्या गल्ल्यांच्या भिंती मात्र सरकणार नाहीत. म्हणून मला पुण्याच्या वेव्ह मोबिलिटीने घडवलेल्या ईव्हाचं फार कौतुक वाटतं. जानेवारी 2025मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी प्रदर्शनात ती पुढे आली. छपरावर सौर पट्टे बसवायची सोय, रुंदी सव्वा मीटरच्याही आत. चालक पुढे एकटा, मधोमध बसतो. मागे एक मोठं माणूस आणि एक मूल. माणसं शेजारी न बसवता पुढे-मागे बसवली आणि एवढ्या एका निर्णयाने गाडीची रुंदी कितीतरी कमी केली. रुंदीशी कोणी असं समोरासमोर भिडलेलं मी इतर कुठे पाहिलेलं नाही. लांबी कापणं सगळ्यांना सुचतं, रुंदी कापायला धाडस लागतं.

या सगळ्या वाचनातून माझ्या मनात एक गाडी तयार झाली आहे, जी अजून कोणी बनवलेली नाही. नॅनोची चार दारं आणि तिचे 72 टक्के. लांबी सव्वातीन मीटरच्या आसपास. पंचसारखा सपाट तळ आणि नाकावरचं चार्जिंग. कॉमेटची मागची मोटर आणि तिचं वळण. नेक्सॉनच्या त्या पट्टीइतकी बोलकी एक रेघ. यातला प्रत्येक तुकडा कोणी ना कोणी पुण्यात, साणंदमध्ये किंवा हलोलमध्ये घडवून दाखवला आहे. कर आता विजेची गाडी लहान बनवा म्हणून सांगत नाही, त्यामुळे ती बनवायला कोणाला तरी लहानपणाची मनापासून आवड असावी लागेल. ज्याने चार मीटरच्या आत नेक्सॉन लिहिली, त्यालाच हे काम द्यावं असं मला वाटतं.